पहिल्या ससाण्याला एक म्हणत नाहीत

डोंगरावरून कुणी मोळी आणतं, कुणी करवंदं. आम्ही तिघं नुसते किस्से घेऊन उतरलो. आता ते इतके साठलेत, की एक सांगायला बसले तर बाकीचे आपोआप बाहेर पडतात!

सुरुवात माझ्या भोचकपणापासून. मुलुंडला आमच्या शेजारचे नाना, रेल्वेतून रिटायर झालेले. होळी जवळ आली की दर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून मागच्या डोंगरावर जायचे. महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या सामानातून घेतलेली दुर्बीण! चाळीत कुजबुज सुरू झाली. म्हटलं, आपणच बघून येऊ. धापा टाकत माथ्यावर पोचले.

"नाना, कुणावर नजर ठेवलीय?"

"पाहुण्यांवर. थंडीला आले होते, आता उत्तरेला परत निघालेत. मोजतोय."

मी खाली रस्त्याकडे बघायला लागले.

"अहो इंदूताई, वर बघा, वर!"

वर ससाणे होते.

* * *

मग मीही जायला लागले. पहिल्याच दिवशी ओरडले, "आला, आला!"

"शेपटीला खाच आहे?"

"आहे."

"मग ती आपली घार. बारा महिने इथेच असते. घरच्या माणसांना पाहुण्यांत धरायचं नाही!"

* * *

ऊन तापलं की ससाणे एका जागी गोल गोल फिरत उंच चढतात, मग एकामागून एक रांगेने उत्तरेला सरकतात. मी फिरतानाच मोजायचे. तोच पक्षी तीनदा!

नाना वैतागले. "लग्नाची माणसं कधी मोजता? मांडवात फिरताना, की जेवायला बसल्यावर?"

"जेवायला बसल्यावर."

"मग पंगत बसू द्या ना!"

* * *

तिसरे आमचे दामूशेठ, नाक्यावरचे धान्यवाले. तांदळातला खडा हातभर लांबून ओळखणारे! पहिल्याच रविवारी सुरू झाले, "लाभ... दोन... तीन..."

"थांबा! एक कुठे गेला?"

"नाना, धान्य मापताना आम्ही पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो."

"हे ससाणे आहेत, ज्वारी नाही! वहीत मी एकच लिहिणार."

"तुम्ही लिहा हवं ते. माझ्या तोंडून लाभच येणार."

आणि यायचाच.

* * *

पुढे पुढे नानाच विचारायला लागले, "शेपटी कशी होती? रांग संपली का?" दुर्बीण डोळ्याला, पण तोंड भलतीकडे. मी त्यांच्या बायकोला, माईंना गाठलं.

"मोतीबिंदू," माई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या. "ऑपरेशनला नाही म्हणतात. कुणाला बोलू नका हं. ती वही आहे म्हणून रविवारी उठून दाढी तरी करतात."

मी कुणाला बोलले नाही. चाळीला हे अजून खरं वाटत नाही!

* * *

चैत्रातला शेवटचा रविवार. आभाळ धुरकट. आधीचे दोन रविवार वही कोरी. चढतानाच नाना म्हणाले, "आज काही आलं नाही तर वही बंद. ज्याला दिसत नाही, त्याने मोजायचं कशाला?"

दामूशेठनीही आपणहून ओळखलं होतं. आणि आम्हाला ठाऊक आहे, हे नानांनाही ठाऊक होतं तर!

अकरा वाजले. आभाळ रिकामं. दामूशेठनी माझ्याकडे बघितलं, मग वर तोंड करून ओरडले, "एक! दोन! तीन! चार!"

मी वर बघितलं. काही नव्हतं.

"हो हो," मी म्हटलं, "पंगतच बसलीय!"

नानांनी पेन्सिल उचलली, थांबले, वही मिटली.

"शेठ, आज लाभ नाही म्हणालात."

दामूशेठ पायाकडे बघत राहिले. "खोट्याला नाही म्हणवत, नाना."

उतरायला लागलो. दामूशेठ पुढे, त्यांच्या खांद्यावर नानांचा हात, मागे मी. अर्ध्या वाटेवर दामूशेठ असे गपकन थांबले, की नाना त्यांच्यावर आदळलेच.

"लाभ!"

नानांची मान वर. "शेपटी?"

मी कपाळावर आडवा हात धरून वर बघितलं. "खाच नाही, नाना. उत्तरेलाच चाललाय."

"पुढे?"

"पुढे काही नाही. तेवढाच."

नानांनी वही माझ्या हातात दिली. मी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"एक."

"खोडा. लाभ लिहा."