जयवंताच्या घरचं इटालियन टेबल

अकोल्याच्या एका कापूस कंपनीतला इटालियन साहेब १९५६ साली मायदेशी निघाला, तेव्हा अमरावतीच्या उत्तमराव वकिलांनी त्याचं जेवणाचं टेबल घेतलं. वर जाड काच, खाली अक्रोडाच्या लाकडाचे निमुळते, बगळ्यासारखे बारीक पाय. ते ट्रकमधून उतरताना बघायला अर्धी आळी जमली. वकिलांची बायको जयवंता काचेकडे पाहून मनाशी एवढंच म्हणाली, की आता हे रोज पुसावं लागेल.

ती वरूडच्या संत्रा बागाईतदाराची लेक. कामाला कधी भ्यायली नव्हती. पण या टेबलानं घरात दोन पंगती केल्या. सासू दुर्गाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की जिथलं खरकटं नुसत्या ओल्या फडक्यानं पुसतात, तिथं आपण जेवणार नाही. त्या चुलीजवळ पाटावर बसत. वकील आणि त्यांचे पाहुणे पुढच्या खोलीत खुर्च्यांवर. जयवंता इकडे वाकून वाढायची, तिकडे उभ्यानं, आणि हाका दोन्हीकडून यायच्या. सगळे उठले की काचेवर बोटांचे ठसे आणि तेलाचे ओघळ. ते निघेस्तोवर तिची स्वतःची भाकर वातड झालेली असे. कंबर धरते म्हणून तिनं एकदा नवऱ्याच्या कानावर घातलं. त्यांनी आठवणीनं बाम आणून दिला, आणि त्याच रविवारी अकोल्याचे चार वकील जेवायला बोलावले.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग दुर्गाबाई न्हाणीत घसरल्या. हाड जुळलं, पण मांडी घालता येईना. जयवंता त्यांना खाटेवरच जेवू घालू लागली. एका दुपारी वकील कोर्टात असताना म्हातारी म्हणाली, "मले त्या टेबलावर घेऊन चाल."

जयवंतानं त्यांना धरून नेलं, खुर्चीवर बसवलं, ताट वाढलं. काचेतून खाली पाहत दुर्गाबाई पुटपुटल्या, की ताटाखाली आपलेच पाय दिसून राहिले. तरी जेवल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "तू काहून उभी हायेस? बस."

"तुमचं होऊ द्या. मंग बसतो मी."

"मंग मंग करता करता तुई उमर चालली. बस म्हणतो ना."

जयवंता बसली. सवयीनं दोनदा उठली, दोन्ही वेळा सासूनं डोळ्यांनीच तिला खाली बसवलं. भाकर गरम होती. त्या दिवसापासून म्हातारीच्या अखेरपर्यंत दोघी दुपारी सोबत जेवल्या. काच मात्र जयवंताच पुसत राहिली.

पुढं वकीलही गेले. १९६९ साली मुंबईहून परदेशी फर्निचर जमवणारे एक गृहस्थ टेबलाची चौकशी करत आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी पायांवरून हात फिरवला, काच तिरप्या उजेडात पाहिली. एक ओरखडा नाही, हे कसं राखलंत, असं त्यांनी आदरानं विचारलं.

"रोज पुसून राहिली होती," जयवंता म्हणाली. ते हसले. ती हसली नाही.

मुलगा कमलाकांत प्राध्यापक झाला होता. त्यानं तिला बाजूला घेऊन विचारलं, आठवण म्हणून ठेवायचं का.

"नेऊ दे बापा त्याले," ती म्हणाली.

सतरंज्यांत गुंडाळून टेबल गेलं. आई आता रडेल म्हणून कमलाकांत दारातच घुटमळला. तिनं ती जागा झाडली, चटई अंथरली आणि पंख्याखाली आडवी झाली. दिवेलागण झाली तरी कोणी तिला उठवलं नाही.