वाण म्हणून दिलेली मिरची

हळदीकुंकवाला वाण म्हणून तुम्ही कधी रोग वाटला आहे का? मी वाटला आहे.

लहानपणापासून मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढले. व्हाइटफील्डमधल्या आमच्या इमारतीत संक्रांतीला प्लास्टिकचे डबे देतात, म्हणून मी पत्रक काढलं, ‘डबा नको, रोप द्या’, आणि घरी वाढवलेलं मिरचीचं एकेक रोप प्रत्येकीच्या हातात ठेवलं. काही पानांवर फिकट हिरवे डाग होते. मला ती नक्षी वाटली.

शेजारच्या अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातल्या, बोलण्यात कानडी शब्द सहज येणाऱ्या. सासूबाईंनी दिलेलं मिरचीचं बी त्या दरवर्षी धरत आणि पेरत आल्या होत्या.

“स्वल्प थांब गं,” त्या म्हणाल्या, “पान बरं दिसत नाही.”

“अक्का, तुम्हाला औषध मारलेली चकचकीत पानं बघायची सवय झालीय!”

“सरी, बरं पुढारीणबाई!” त्या हसल्या आणि रोप आपल्या कुंड्यांत ठेवलं. वर मी त्यांना शेंडे कसे खुडायचे तेही शिकवलं. आधी माझ्या रोपाचे, मग त्याच बोटांनी त्यांच्या सगळ्या झाडांचे.

दीड महिन्यात त्यांची पानं आकसली, मिरच्या वेड्यावाकड्या धरल्या. एक पान मी कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या बाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं: हा विषाणूचा रोग आहे. विषाणूला स्वतःहून काहीच करता येत नाही. खुडलेल्या जखमेतून तो पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या नकला करून घेतो. पानातले हरितद्रव्याचे कण बिघडतात, म्हणून डाग. दोन पेशींमधल्या अरुंद वाटा तो रुंद करतो आणि पुढच्या पेशीत जातो.

“पेशी लगेच मरत नाही,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासाठी राबत राहते. आणि बी अजिबात धरू नका, त्याच्या सालीवरही तो असतो.”

कंपन्या, बाजार, सरकार, दोष द्यायला माझ्याकडे नावं नेहमी तयार असतात. या वेळी बोटं माझी होती.

अक्कांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “बीसुद्धा नाही?” एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या एकेक झाड उपटत गेल्या, मी पिशवी धरून उभी राहिले.

माझं रोप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते आजच उपटून पिशवीत बांधून टाका, खतात घालू नका. दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. आणि अक्कांनी वर्षानुवर्षं मागेल त्याला बी दिलंय. या संक्रांतीच्या आधीचं चिमूटभर कुणाच्या डब्यात उरलं असेल, तर ते त्यांच्या दारी नेऊन द्या. माझ्या हातात देऊ नका.