चौकटीतला बापूस

"एका वल्ह्यान होडी गोल फिरता." काशीराम हे उठता-बसता म्हणायचा. जाळे ओढताना म्हणायचा, सोयरिक जमवताना म्हणायचा, कुणाचे भांडण सोडवायला गेला तरी तेच.

बाप वारल्यावर होडी त्याची आणि धाकट्या शंकरची झाली. परवान्याच्या अर्जात मालकाच्या एकाच नावाला जागा असे. पण कारकून बाजूच्या कोऱ्या पट्टीत "व बंधू शंकर" असे लिही आणि त्यावर शिक्का मारी. ती बोटभर कोरी पट्टी म्हणजे शंकरची अर्धी होडी.

२००९ साली कागद बंद झाला, अर्ज कॉम्प्युटरवर आला. काशीराम कट्टा गावी, असे अर्ज भरून देणाऱ्या भक्तीच्या दुकानात जाऊन बसला.

"काका, हा एकच मालक घेतो."

"मगे बाजूक लिव."

"याला बाजूच नाही."

पडद्यावर तीन चौकटी होत्या : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. काशीरामने मधल्या चौकटीवर बोट ठेवले. "हंय शंकर घाल."

"तिथे वडील लागतात, काका!"

"बापूस वर गेलो. तेका आता होडी कित्याक? माझ्या भावाक जागा होयी."

परवाना आला : काशीराम शंकर तांडेल. किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात कुणीतरी तो मोठ्याने वाचला.

"काय रे शंकऱ्या, मोठ्या भावाक जल्म कधी दिलंस?"

सगळा किनारा हसला. शंकरने कागद हिसकावला. मालक म्हणून आपण त्यात नव्हतो आणि बापही नव्हता, एवढेच त्याला दिसले. त्याने वल्हे उचलून काशीरामच्या पाठीत घातले. दुसरा तडाखा कानावर बसला आणि वल्हे मधोमध मोडले. काशीराम लाटेत कोसळला. लाट तांबूस होऊन परतली.

तो उठला तो पिसाळलेल्या बैलासारखा. शंकरची मान धरून त्याने त्याचे तोंड पाण्याखालच्या वाळूत दाबले. शंकर पाय झाडू लागला. त्यांची आई कृष्णाबाई मासळीची टोपली टाकून धावली आणि काशीरामच्या केसांना लोंबकळली.

"सोड रे, मेल्या! मरतलो तो!"

काशीरामचे हात सुटले. "तुका घालूक बापाशीक काढलंय रे," तो धापा टाकत म्हणाला.

शंकरने ते ऐकले नाही. ओकत, खोकत तो होडीशी गेला आणि कोयत्याने उलांडीचे दोर सपासप तोडले. तोल धरणारे ते बाजूचे लाकूड निसटले, तशी बापाची होडी कुशीवर पडली.

"आता चलव एकटो!"

काशीरामने भिजलेला परवाना वाळूतून उचलला.

"एकटो कित्याक? कट्ट्याक जातंय. पयल्या चौकटीत तू, मधल्यात बापूस. माका काढूक सांगतंय."

कानातले रक्त सदऱ्यावर गळत होते. आईने दोनदा हाक मारली, तो वळला नाही. वाळू तुडवत तो सुरूच्या झाडांत शिरला. मोडक्या वल्ह्यापाशी, हातातला कोयता तसाच धरून, शंकर त्याच्याकडे बघत उभा होता.