मी काढलेले ढग

या, असे जवळ बसा. लांबून काय ऐकू येणार? आणि रागावू नका, पण चित्र हातात आलं की तुम्ही सगळे आधी नाकडोळे बघता. मीही तशीच होते. माझ्याबरोबर ऑफिसात चित्रं काढणारी ती मात्र एक डोळा मिटायची, मान तिरपी करायची आणि विचारायची, "आक्का, नजर आधी कुठं गेली?"

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. ऑफिसं नवी, खुर्च्या उसन्या. आमच्या सरकारी ऑफिसात खेड्यातल्या बायकांसाठी चित्रांचे तक्ते निघायचे. मी कॅलेंडरं बघून बघून हात बसवलेली. साहेब म्हणायचे, "बाई, तुमच्या बायका देखण्या असतात." मग किनवटकडून ती आली. दोघी तात्पुरत्या, आणि कायम होणारी जागा एकच.

ती आधी माणसाची नुसती काळी सावली काढायची. "सावलीवरून वळखू आलं तरच नाकडोळ्याला हात लावायचा," म्हणायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं शाईनं अख्खं ऑफिस काढलं. पोक काढून चालणारे हेडक्लार्क, एका पायावर रेललेला शिपाई. शेवटी एक बाई, हनुवटी वर, पर्स पोटाशी घट्ट.

"ह्या कोण ते सांगायची गरजच न्हाई," शिपाई म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र आरशापुढं हनुवटी खाली करून पाहिली.

शिकवायला ती हात आखडत नसे. "तुमच्या सगळ्या बाया एकाच आईच्या लेकी वाटून राहिल्यात, आक्का. सासू अशी बसती का? सासू चौकोनी, जमीन धरून. नवी सून निमुळती, कधीबी उठंल अशी." खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. घरी मी गुपचूप चौकोनी सासवा काढायची आणि ऑफिसात म्हणायची, "आमच्याकडं असलं चालत नाही."

त्या साली दुष्काळ. आड आटलेले, टँकरचं पाणी गाळून प्या असा तक्ता हवा होता. साहेबांनी तो तिला दिला. तिनं खाली कोपऱ्यात एक म्हातारी काढली, घागरीच्या तोंडाला फडकं बांधणारी. वरचा अर्धा कागद कोरा.

"वर काय काढणार?"

"काहीच न्हाई. मोकळं सोडलं की नजर म्हातारीच्या हातावर जाती."

जात होती. कितीदा बघितलं, दर वेळी जात होती. मला ते बघवेना.

तक्ता ज्या दिवशी जीपनं गावात जायचा, त्या दिवशी ती रजेवर होती. खोलीत मी एकटी. त्या कोऱ्या जागेत मी ढग काढले. गुबगुबीत, निळ्या कडांचे.

तक्ता घेऊन जीपनं मीच गेले. अहमदपूरकडच्या एका गावात बायका जमल्या. म्हातारीकडं एकीचंही लक्ष नाही. "पाऊस कधी येतो म्हणतंय सरकार?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "पाणी मागितलं तर आभाळाचं चित्र दिलं, बाई." तिसरी उठून ढगावर हात फिरवून आली. त्या हाताकडं मला बघता येईना.

गावातली बोलणी कानावर गेल्यावर दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. "दुष्काळात ढग काढतं का कुणी?" तिनं तक्ता बघितला, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "चुकलं, साहेब." मी टेबलावरचे ब्रश नीट लावत बसले.

जागा मला मिळाली. एसटी स्टँडवर तिला पोचवायला गेले होते मी, चटणी-भाकरी बांधून. खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "आक्का, ढग लई हलके काढता तुम्ही. जरा वजन द्या त्यांना."

पेन्शनपर्यंत मी त्या जागेवर होते. सासवा चौकोनी, कागद वर मोकळा. लोक वाहवा करायचे, आणि मी ती घ्यायची. तिच्या हाताचा हेवा अजून वाटतो. पण 'चुकलं, साहेब' म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, त्याचा त्याहून जास्त वाटतो.

तिकडं किनवटजवळच्या एका वसतिगृहात ती पोरांना चित्रं शिकवते असं कानावर आलंय. तुमच्यापैकी कुणी गेलंच तिकडं, तर निरोप द्या. म्हणावं, तुला सगळं ठाऊक आहे, तरी आक्काला ते एकदा तोंडानं सांगायचंय. माझ्या गुडघ्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही. तूच ये लातूरला. लवकर ये.