भाऊ सभागृहाबाहेर गेले तेव्हा

पंचायत समितीची आमची जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा नामदेवभाऊ प्रथम आमच्या घरी आले. पुढारी आले म्हणून यजमानांनी खुर्ची पुढे केली. भाऊ बसले, पण बोलले माझ्याशी. “बाई, मालकाले नाई, तुमाले विचारून राह्यलो. लढाचं हाय का?” घरी शिवणकाम करणारी मी, घाबरतच हो म्हणाले. सिंदेवाहीच्या राजकारणात मला भाऊंनी आणलं ते असं.

भाऊंचा नेम कडक होता. विरोधकांच्या कामावर तुटून पडायचं, घरादारावर नाही. एकदा आमच्या एका वक्त्याने विरोधी गटाचे नेते रशीदभाई यांना धर्मावरून टोमणा मारला. टाळ्याही पडल्या. भाऊंनी त्याच्या हातून माईक घेऊन भरसभेत माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी रशीदभाईंच्या कापडाच्या दुकानात जाऊन चहा प्यायले. टाळ्या वाजवणारे आम्हीच होतो.

पुढे भाऊ आणि मी दोघंही समितीवर निवडून आलो आणि सभापतिपदासाठी मी आमची उमेदवार झाले. रशीदभाईंकडे आमच्याहून एकच मत जास्त. कुणी फुटू नये म्हणून त्यांनी आपले सदस्य सहलीला नेऊन ठेवले होते. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांच्यातल्या मडावींच्या पत्नीला अडलेल्या बाळंतपणासाठी चंद्रपूरला हलवलं. मडावींना सोडलं तर मतं समान होऊन चिठ्ठी टाकावी लागणार, म्हणून रशीदभाई अडून बसले. भाऊ त्यांच्याकडे गेले. “त्याले बायकोजवळ जाऊ द्या. उद्या आमचाही एक माणूस येनार नाई.” तेवढ्या शब्दावर रशीदभाईंनी मडावींना मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी, घरी थांबायचं कबूल केलेला आमचा सदस्य सभागृहात येऊन बसला. आमच्याच लोकांनी त्याला आणलं होतं. रशीदभाईंनी भाऊंकडे पाहिलं. माझं लक्ष सभापतीच्या खुर्चीकडे होतं. भाऊंचा चेहरा उतरला. “हा आला, तं मी जातो,” म्हणून ते उठले आणि व्हरांड्यात जाऊन बसले. आम्ही एका मताने हरलो.

संध्याकाळी भाऊंच्या अंगणात त्यांना गद्दार म्हणणारे सगळे आमचेच होते. मीही फणकारले, “काऊन केलं भाऊ असं? माझ्या तोंडचा घास गेला.”

“तिकडं त्याची बाई जिवाशी झगडून राह्यली, अन् इथी आपन गुलाल उधळाचा? मले लाज वाटली, बाई.”

आम्हांला वाटली नव्हती. मडावींची पत्नी आणि बाळ सुखरूप घरी आल्याचं कळलं, तेव्हाही आम्ही हरल्याचंच दुःख करत होतो.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने भाऊंचं तिकीट कापलं. मला मात्र दिलं. भाऊ माझ्याच प्रचाराला गावोगाव फिरले. मी निवडून आले, सभापतीही झाले. त्यांच्या तिकिटासाठी एक शब्द बोलले नव्हते.

आज भाऊ पंचाहत्तरीत आहेत. या गौरवग्रंथात रशीदभाईंच्या गटातल्या मंडळींनी भरभरून लिहिलं आहे. आमच्या पक्षातून आलेला लेख हा एकटाच. दिलेला शब्द पाळला म्हणून एखाद्याचा सत्कार करावा लागतो, ही नामुष्कीही आमचीच. भाऊंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि ते समोर आले की आमची मान खाली जाते, ती शेवटपर्यंत तशीच जात राहो.