शेवटची सात मिनिटं

माझी आत्या एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होती. न्यायाधीश सांगत जायचे, ती शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची आणि मग टाइप करायची. इतकी वर्षं दुसऱ्यांचे निकाल लिहिल्यावर माणूस एकतर देवधर्माला लागतो नाहीतर गुन्हेगारीला, असं ती म्हणते. देवधर्मात तिला गती नव्हती.

म्हणून निवृत्त झाल्यावर ती हॉलिवूडच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांच्या नादी लागली. खरं तर नाद आधीपासूनच होता, आता तो उघड झाला. यात एवढं बघण्यासारखं काय आहे, असं मी एकदा विचारलं आणि फसले. तिने मला खुर्चीत बसवलं, चित्र थांबवलं आणि पट्टीने दाखवायला लागली. "हे बघ, खिडकीच्या पडद्याच्या सावल्या त्याच्या तोंडावर कशा आडव्या पडल्यात. अजून त्याने काहीसुद्धा केलेलं नाही. पण तुरुंगात आत्ताच गेलाय की नाही?" त्या दिवसापासून मला साध्या खिडकीकडेही सरळ नजरेने बघता येत नाही.

आमच्याकडे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ज्येष्ठांचं मंडळ भरतं. तिथे दर गुरुवारी दुपारी चारला आत्या सिनेमा दाखवायची. मंडळाची अशी ठाम समजूत होती, की जुना सिनेमा म्हणजे सोज्वळ सिनेमा. रंगीत असला तर कमिटीला आधी विचारावं लागे. काळा-पांढरा म्हटलं की कुणी चौकशीही करत नसे. आत्याने ही समजूत तळहाताच्या फोडासारखी जपली. खरी गोष्ट अशी, की बोलपट नवे होते तेव्हा, तीस ते चौतीस सालाच्या दरम्यान, तिकडे सिनेमात काय दाखवायचं याचे नियम कागदावर होते, पण ते फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. त्या काळच्या एका सिनेमात नखं रंगवून देणारी पोरगी तीन नवरे करते, तिघांनाही लुबाडते आणि हसत हसत बोटीत बसते. मंडळातल्या बायका दोन्ही हातांनी डोळे झाकून तो बघायच्या, बोटांत व्यवस्थित फट ठेवून.

चौतीस साली नियम कडक झाले. पाप केलं की सिनेमा संपायच्या आत शिक्षा झालीच पाहिजे. पुढे चाळीसच्या दशकात ते अंधारे सिनेमे आले: हॅटवाले पुरुष, सिगारेटचा धूर, ओले रस्ते आणि सराईतपणे खोटं बोलणाऱ्या देखण्या बायका. आत्याचा जीव त्यांच्यातच जास्त. पण तिची एक तक्रार होती. "दीड तास मजा करू देतात आणि शेवटच्या सात मिनिटांत सगळ्यांचे कान पिळतात."

ती सात मिनिटं आत्या दाखवतच नसे.

सिनेमा बघताना तिची बोटं गुडघ्यावर आपोआप शॉर्टहँड गिरवत असतात. माणसं बोलत असली की बोटं अडखळतात, धावतात, मध्येच थांबतात. "आणि शेवटी बघ," ती मला म्हणाली, "हात एकदम एका चालीत चालायला लागतो. इथवर माणसं बोलत होती. इथून पुढे डिक्टेशन आहे. कुणीतरी वरून सांगितलंय आणि हे घेतायत. एकतीस वर्षं घेतलंय मी, माझ्या बोटांना कळतं."

इंग्रजी सगळ्यांना झेपत नसे, म्हणून ती मध्येमध्ये सिनेमा थांबवून गोष्ट सांगायची. त्यामुळे रिमोट कायम तिच्याच हातात. योग्य जागी ती थांबवायची, 'समाप्त'ची इंग्रजी पाटी दाखवायची आणि दिवे लावायची. ती पाटी मी तिला एका सिनेमातून काढून दिली होती. हो, या कटात मीही होते. सात महिने कुणाला पत्ता लागला नाही.

पितळ उघडं पाडलं ते मंडळातल्या दाताच्या डॉक्टरांनी. उभा जन्म लोकांच्या तोंडात वाकून काढलेला माणूस, त्याला किडीचा ठिपका दिसणारच. इतक्या सिनेमांच्या शेवटच्या पाटीवर डाव्या कोपऱ्यात एकच ओरखडा कसा, असं त्यांच्या मनात आलं. घरी जाऊन त्यांनी सिनेमांची लांबी शोधली आणि घड्याळाशी ताडून बघितली. मग तक्रार थेट अध्यक्षांकडे. मंडळाची दिशाभूल होत आहे, खेळ बंद करण्यात यावेत.

अध्यक्ष म्हणजे जजसाहेब. नोकरीतली शेवटची बारा वर्षं आत्या त्यांचीच स्टेनो होती. त्यांनी तक्रार वाचली आणि निरोप पाठवला: मागच्या गुरुवारचा सिनेमा पुन्हा लावावा, संपूर्ण. पाहून निर्णय देऊ.

मी हसण्यावारी नेलं, पण आत्याचा चेहरा उतरला. नोकरीभर तिने हे सिनेमे एकटीने बघितले होते, रविवारी, दार लावून. मनातलं बोलायला समोर चाळीस माणसं मिळाली ती आता कुठे. गुरुवार गेला तर ती पुन्हा त्या बंद दाराआड जाणार होती, आणि ते मला बघवलं नसतं. "दाखव ना मग सात मिनिटं, काय बिघडतं?" मी म्हटलं. "दाखवणारच आहे," ती म्हणाली. "साहेबांचा आदेश मी कधी मोडलाय?"

गुरुवारी खुर्च्या कमी पडल्या. सिनेमा होता हॉटेलातल्या टेलिफोन ऑपरेटर बाईचा. ती पाहुण्यांची गुपितं चोरून ऐकते, एका जवाहिऱ्याला जिन्यावरून ढकलते आणि हिऱ्यांची पेटी घेऊन टॅक्सीत बसते. मागच्या वेळी आमचा सिनेमा इथेच संपला होता आणि टाळ्या पडल्या होत्या. या वेळी टॅक्सी पुढे गेली. ड्रायव्हर पोलीस निघाला. त्याने कायद्यावर भाषण दिलं. तोवर एकही वाक्य सरळ न बोललेली ती बाई काचेबाहेर बघत, आपण कुठे कुठे चुकलो ते व्याकरणशुद्ध सांगू लागली. मग पळायला गेली आणि गोळी खाऊन मेली.

मी जजसाहेबांकडे बघत होते. ते पडद्याकडे बघतच नव्हते. बारा वर्षं जी बोटं रोज समोर असायची, ती आत्याच्या गुडघ्यावर आता संथपणे, एका चालीत सरकत होती. साहेब त्या बोटांकडे बघत होते.

दिवे लागले. टाळ्या नाहीत. "मागच्या वेळी छान संपला होता," पुढच्या रांगेतल्या आजी कुरकुरल्या.

"डॉक्टर, तुमचं म्हणणं खरं ठरलं," जजसाहेब म्हणाले. "सिनेमा अपुरा दाखवला जात होता. आज पूर्ण पाहिलात. आवडला?"

"प्रश्न आवडण्याचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग कसला आहे?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि ते घरी गेले. बाकीचेही पांगले. मी खुर्च्या मिटायला घेतल्या. साहेब मात्र थांबले.

"बाई," ते म्हणाले, "मी निकाल सांगत असताना तुमचा हात असा, एका चालीत, कधी चालला होता का?"

सात महिने चाळीस माणसांना बेमालूम फसवणारी माझी आत्या. एक गोड थाप मारून सुटेल, असं मला वाटलं.

"एकदा," ती म्हणाली.

"कुठला?"

"वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली बाई. चांदीचे चमचे चोरल्याचा खटला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्ही अडखळत होतात, वाक्यं खोडायला लावत होतात. माझी तीन पानं फाटली. सुट्टीनंतर अर्ध्या तासात सगळं सांगून मोकळे झालात. एक शब्द मागे घेतला नाहीत."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"दीड वर्ष दिलं होतं," ते म्हणाले.

"एक वर्ष आठ महिने," आत्या म्हणाली. "मी टाइप केलंय."

त्यांनी मान हलवली आणि दाराकडे निघाले. कुणीच विचारत नाही म्हणून शेवटी मीच विचारलं, "गुरुवारचं काय ठरलं?"

"चालू राहू दे." दारातून ते मागे वळले. "पुढच्या वेळी काय आहे?"

"बत्तीस सालचा आहे," आत्या म्हणाली. "घरकाम करणारी बाई असते. मालकिणीचा हार चोरते."

"सुटते?"

"सुटते, साहेब. आणि त्यात मी काही कापलेलं नाही."

मी मिटायला घेतलेली खुर्ची त्यांनी माझ्या हातातून घेतली, उघडली आणि पडद्यासमोर ठेवून बसले.

"आत्ता लावता येईल का?" त्यांनी विचारलं.