मॅडमच्या अनुदानात माझ्या पोरी

"ते चामडं बाहेर ठेवा. इथं चहा-बिस्किटं आहेत."

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. बोलले अनुदानाच्या निवड समितीचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक, गावोगाव लोककलेवर व्याख्यानं देणारे. चामडं म्हणजे माझ्या हातातला डफ. माझ्या बापानं, आबानं, स्वतः कातडं ताणून मढवलेला. आमच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते करणाऱ्यांची जात कोणती, हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी जात काढली नाही. शिकलेली माणसं. चामडं म्हणाले, तेवढ्यात भागलं.

मी डफ बाहेर नेला आणि चपलांच्या रॅकशेजारी टेकवला. आबा तिथंच उभा होता. त्यानं डफ उचलून पोटाशी धरला. म्हणाला, "तू मझार जाय. गरज आपली शे."

आत गेले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, पण गरज तिच्याहून मोठी होती.

गरज कसली ते सांगते. साक्रीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आईबापांबरोबर पोरी जातात. शाळा सुटते ती सुटतेच. मी या पोरींचा वहीचा वर्ग काढला होता. वही म्हणजे डफावर गायची आमची खानदेशी गाणी. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा. बाईनं डफाला हात लावू नये असं गाव म्हणायचं. आबानं स्वतःच्या हातानं पोरींना डफ दिले, मग गाव गप्प बसलं. वर्गाला एक खोली आणि पोरींना दोन वेळचं जेवण मिळालं, तर त्यांना गावातच ठेवू, असं आईबापांनी कबूल केलं होतं. शासनाची लोककला जतनाची योजना होती. त्यासाठी संस्था नोंदवली, अर्ज केला. वनिता नावाची माझी सगळ्यात गुणी पोरगी रोज विचारायची, "ताई, व्हई का वं आपलं काम?"

हॉलमध्ये मला कुणी बस म्हणालं नाही. माझ्या आधी एक कथ्थकवाल्या बाई आल्या होत्या, त्यांना खुर्ची पुढं केली होती. मी उभ्यानंच बोलायला लागले. बोलता बोलता जीभ घरच्या वळणावर गेली. "पोरी शिकी ऱ्हायन्यात," असं निघून गेलं तोंडातून. टेबलाशी बसलेल्या, समितीतल्याच एक मॅडम खुदकन हसल्या.

"अगं, मराठीत बोल ना."

अगं. मी दोन लेकरांची आई. संस्थेची अध्यक्ष. तरी अगं.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. "लोककला रक्तात असते. ती शिकवावी लागत नाही. मग अनुदान कशाला हवं?" सगळे हसले. मीसुद्धा ओठ ताणले. त्या ओठांचा मला अजून राग येतो.

अनुदान मिळालं त्या मॅडमच्या संस्थेला. हार्मोनियमचे आणि भावगीतांचे वर्ग चालवणाऱ्या मॅडम, आणि काम काय? तर वहीगायनाचं जतन. त्यांच्या संस्थेचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणे चहा प्यायला बाहेर गेल्या. कप रिकामा होईस्तोवर मंजुरी झाली. सगळं नियमात.

दिवाळी तोंडावर आली असताना मॅडमचा फोन आला.

"मुंबईहून साहेब पाहणीला येणार आहेत. तुझ्या मुली पाठव. मी गाडी पाठवते. नाश्ता देऊ, प्रमाणपत्र देऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी डफ चपलांपाशी ठेवायला लावला, त्यांना आता दाखवायला डफ हवा होता. वाजवणारे हातही आमचेच हवे होते. तरी मी म्हणाले, "हो मॅडम. आणते ना."

आबा चिडला. "कसाले हा म्हनी तू?"

"आबा, समोरे पार्टी बठेल व्हई, तं सवाल टाकना पडी ना?"

त्यानं डफ पुढ्यात ओढला. मग गालात हसला. त्या रात्री बापलेकीनं मिळून सवाल बांधला. पोरींनाही शिकवला.

पाहणीच्या दिवशी हॉल भरला होता. पुढं साहेब, अध्यक्ष, मॅडमच्या ओळखीची मंडळी. मागं ड्रायव्हर, शिपाई, झाडूवाल्या बाया, कॉलेजची पोरं. मॅडमनी पोरींना एकसारख्या पिवळ्या साड्या गुंडाळल्या, केसांत गजरे खोचले. मग माइक घेतला. "या माझ्या मुली. माझ्या संस्थेत घडलेल्या." पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी डोळ्यांनीच म्हटलं, थांबा.

डफावर थाप पडली आणि मी मॅडमकडे तोंड करून सुरुवात केली.

"सांग वं बाई, सांग तुन्ही शाळा कोठे भरस?
डफ आम्हना, गळा आम्हना, तू कसावर पोट भरस?"

पोरींनी सवाल उचलला. खणखणीत.

आणि मॅडम? मॅडम टाळ्यांनी ठेका धरून डोलायला लागल्या! पुण्याहून लग्न होऊन आलेली बाई. अख्खा संसार धुळ्यात झाला, पण अहिराणी त्यांच्या घरात फक्त भांडीवालीनं बोलायची. तिचं बोलणं यांनी कधी कानात घेतलं असेल तर शपथ. खानदेशी कला जतन करायचं अनुदान घेतलेल्या बाईला खानदेशी कळत नव्हती. शेजारी अध्यक्ष डोळे मिटून मान हलवत होते.

मागच्या रांगांना मात्र अक्षर न् अक्षर कळत होतं. आधी एक शिपाई फिसकला. मग शिट्ट्या सुरू झाल्या. एक झाडूवाली बाई उभी राहून ओरडली, "जवाब दे वं बाई!" मॅडमना वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यांनी उठून मागं वळून नमस्कार केला. हॉल हसून हसून आडवा झाला.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणताहेत त्या?"

"स्वागतगीत आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

मी डफ खाली ठेवला आणि माइकपाशी गेले. मॅडमना हवी होती तसल्या स्वच्छ मराठीत बोलले.

"स्वागतगीत नाही, साहेब. मी यांना विचारलं, तुमची शाळा भरते कुठं? डफ आमचा, गळा आमचा, मग तुमचं पोट कशावर भरतं? या पोरी माझ्या आहेत. आज सकाळी गाडीत घालून आणल्यात. यांच्यातल्या एकीचं नाव मॅडमना विचारा."

साहेबांनी खरंच विचारलं. मॅडमची नजर पोरींवरून फिरली. पुढ्यात बसलेल्या वनितावर थांबली. "ही... ही सोनाली."

"मी वनिता," पोरगी म्हणाली.

मॅडमचा चेहरा पडला. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

साहेब न जेवता निघून गेले. पुढं मॅडमचं अनुदान थांबलं. अध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं. "मोठी चूक केलीस. इथं तुला आता काही मिळणार नाही."

"आत्तापर्यंत काय मिळालं होतं, सर?"

त्यांचा शब्द मात्र खरा ठरला. खोली मिळाली नाही, जेवण मिळालं नाही. दिवाळी झाली आणि ट्रक आला. वनिता बोचक्यावर बसून उसाच्या फडावर गेली. वर्ग बंद पडला. लोक मला सुनावतात, स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास. आमचं नाक शाबूत होतं कधी? ते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात कापलेलं. मी फक्त त्यांचंही कापलं.

नंतर चौकशी केली, मॅडम समितीवर कोणत्या नात्यानं बसतात. कळलं ते ऐकून हसावं की रडावं. लोककलावंतांच्या प्रतिनिधी म्हणून! आमच्या प्रतिनिधी. अख्ख्या खानदेशाला मिळून ती एक खुर्ची, आणि यंदा तिची मुदत संपतेय.

ती खुर्ची मला हवी आहे. यावलपासून साक्रीपर्यंत मी वहीच्या एकेका पार्टीला भेटते आहे, त्यांचा पाठिंबा सह्याअंगठ्यांनिशी घेते आहे. पहूरला एका म्हाताऱ्या गायकानं विचारलं, "तठी बसून काय करशीन, बाई?"

"आधी पोरींच्या जेवणाचं बघीन, नाना. मग मॅडमचं."

"मनात डूख धरू नको."

"डूख सोडायचा असता तर मी घरीच बसले असते."

मॅडम पुन्हा अर्ज करतील. केल्याशिवाय राहवणार नाही त्यांना. करू देत. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन. आणि एकही नियम न मोडता त्यांना रिकाम्या हातानं धुळ्याच्या उन्हात परत पाठवीन.